हॉरर गेम अर्धवट का सुटतात, आणि यूट्यूबवर बघून का भागत नाही

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. 'द लास्ट ऑफ अस'चा पहिला भाग झपाटल्यासारखा संपवला, प्रचंड आवडला. मग तशीच दमदार गोष्ट मिळेल म्हणून तीन गेम घेतले आणि तिन्ही अर्ध्यात सुटले. 'एलियन: आयसोलेशन' हॉस्पिटलच्या भागात, 'रेसिडेंट ईव्हिल 7' बेकर कुटुंबाच्या घरात सुरुवातीलाच, आणि 'द लास्ट ऑफ अस पार्ट 2' जिथे अचानक ॲबी या विरोधी पात्राच्या भूमिकेत खेळायला लावतात तिथे. आता विचारणं असं, की गोष्टच हवी आहे तर उरलेलं यूट्यूबवर बघून टाकावं का? डिफिकल्टी, म्हणजे गेमची अवघडपणाची पातळी, कमी केली तर मजा जाते का? की हॉरर आपल्या वाट्याचं नाही असं समजून नुसते ॲक्शन गेम खेळावेत? आणि पुढे काही घ्यायचं झालं तर रिमेक, म्हणजे जुन्या गेमच्या नव्याने बनवलेल्या आवृत्त्या, घ्याव्यात की जुने?

मी प्लेस्टेशन 2 च्या काळापासून प्रामुख्याने ॲक्शन आणि हॉरर हेच दोन प्रकार खेळत आलेय, त्यामुळे सविस्तर लिहिते. पहिल्या 'लास्ट ऑफ अस'चा शेवट तुम्ही पाहिलेला आहे, म्हणून त्याबद्दल मोकळेपणाने बोलेन. ज्यांनी तो खेळलेला नाही त्यांनी शस्त्रक्रियेच्या खोलीचा परिच्छेद सोडून द्यावा. बाकीच्या गेम्सचे शेवट मी फोडणार नाही.

आधी एक गोष्ट वेगळी काढू. तुम्ही तिन्ही गेम्सना एकच कारण लावलंय: 'घाबरलो, जमलं नाही.' पण तुम्ही जिथे जिथे थांबलात त्या जागा पाहिल्या तर कारणं तीन आहेत. हॉस्पिटलमध्ये एलियन तुमचा पाठलाग करतो आणि त्याला मारायला तुमच्याकडे काहीच नसतं. बेकरांच्या घरात हत्यार मिळतं, पण ते तोकडं असतं, आणि घर ओळखीचं झालेलं नसतं. ॲबीच्या भागात तर भीतीचा प्रश्नच नाही, कारण तोवर तुम्ही त्या गेममध्ये पुरते मुरलेले असता. तिथे तुम्हाला राग आला होता. या तिन्हींवर एकच उपाय चालणार नाही, म्हणून 'हॉरर जमत नाही' हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो.

गोष्ट सांगणाऱ्या ॲक्शन आणि हॉरर गेम्सकडे बघायची माझी रीत अशी आहे. गेम तुम्हाला काय देतो याच्याइतकंच तो काय काढून घेतो हेही बघायचं. ॲक्शन गेम देत जातो: नवं हत्यार, नवी ताकद, नवी चाल. हॉरर गेम काढून घेतो. कधी गोळ्या, कधी उजेड, कधी नकाशा, कधी दम खायला मिळणारा वेळ, आणि कधी कधी 'मी चांगल्याच्या बाजूने आहे' ही खात्री. यांपैकी नेमकं काय गेलं की आपला धीर सुटतो हे एकदा समजलं की पुढचा गेम निवडणं फार सोपं होतं.

उदाहरणं देते. 2010 चा 'ॲम्नेशिया: द डार्क डिसेंट' हत्यार तर देत नाहीच, वर तुमचं बघणंही काढून घेतो. अंधारात उभं राहिलात तर पात्राचं मानसिक संतुलन ढासळतं, आणि कंदील लावला तर राक्षसाला तुम्ही दिसता. राक्षसाकडे टक लावून पाहिलं तरी संतुलन जातं, म्हणून खेळणारा मान फिरवून कोपऱ्यात तोंड घालून बसतो. जे नीट पाहिलंच नाही त्याची भीती वाटत राहते, आणि हे काम कुठल्याही कटसीनशिवाय, म्हणजे नुसत्या बघायच्या चित्रपटासारख्या दृश्याशिवाय, होतं. पहिल्या 'सायलेंट हिल'मध्ये, 1999 साली, रेडिओ होता. राक्षस जवळ आला की त्यातून खरखर यायची. जवळ आहे एवढं कळायचं, कुठल्या बाजूला ते कळायचं नाही. तिथलं धुकंही आधी यंत्राची मर्यादा झाकण्यासाठी होतं, कारण त्या प्लेस्टेशनला लांबपर्यंतचं शहर एकदम दाखवणं झेपत नव्हतं. पण त्या धुक्याने पुढचा रस्ता काढून घेतला आणि तेच त्या मालिकेचं रूप होऊन बसलं. अर्धवट माहिती हे या प्रकारातलं सगळ्यात धारदार हत्यार आहे असं माझं ठाम मत आहे. नुसतं एकदम अंगावर धावून येणारं काहीतरी दाखवणारे गेम मला दुसऱ्यांदा खेळावेसे वाटत नाहीत.

आता यूट्यूबचा प्रश्न. वर म्हटलं त्यातच याचं बरंचसं उत्तर आहे. जे काढून घेतलं जातं ते खेळणाऱ्याकडून घेतलं जातं, बघणाऱ्याकडून नाही. बघणाऱ्याकडे गोळ्या नव्हत्याच, त्यामुळे त्या संपल्या तरी त्याचं काही जात नाही.

पहिल्या 'लास्ट ऑफ अस'ची शस्त्रक्रियेची खोली आठवा. तुमचं पात्र जोएल दार उघडून आत येतो, त्याच्यासोबतची मुलगी एली टेबलावर बेशुद्ध आहे, आणि डॉक्टर हातात लहानशी सुरी धरून मध्ये उभा राहतो. इथे गेम कटसीन लावत नाही. कंट्रोलर तुमच्याच हातात असतो. पर्यायांचा मेनू येत नाही, वेळेचं बंधन नसतं, कोणी घाई करत नाही. तुम्ही खोलीत फिरू शकता, थांबू शकता, पण त्या डॉक्टरला संपवल्याशिवाय गेम पुढे सरकत नाही. अनेकजण तिथे क्षणभर घुटमळतात, दुसरा काही मार्ग आहे का ते शोधतात. तो सापडत नाही आणि शेवटी बटण दाबतात. व्हिडिओत हा प्रसंग पाच-सहा सेकंदांत उरकतो, कारण ज्याने रेकॉर्ड केलंय तो बहुधा आधी खेळलेला असतो. त्यानंतर जोएल एलीला जे सांगतो त्याचं ओझं तुम्हालाही जाणवलं असेल, कारण ते काम तुमच्या बोटाने झालं होतं. हे बघून मिळत नाही.

'सायलेंट हिल 2' तर याच्याही पुढे जातो. 2001 चा हा गेम, आणि 2024 साली ब्लूबर टीमने त्याचा रिमेक केला. जेम्स नावाच्या माणसाला त्याच्या मेलेल्या बायकोचं पत्र येतं आणि तो तिला शोधत या शहरात येतो. त्याचे शेवट अनेक आहेत, पण कुठेही 'हे निवडा की ते निवडा' असं विचारत नाहीत. तुम्ही कसे वागलात याची गेम गुपचूप नोंद ठेवतो. जखमी झाल्यावर लगेच औषध घेतलंत की तसेच फिरत राहिलात, बायकोचा फोटो किती वेळा काढून पाहिलात, कुणीतरी दिलेली सुरी उघडून किती वेळा न्याहाळलीत, सोबतच्या बाईजवळ थांबलात की तिला मागे टाकून पुढे गेलात. त्यावरून जेम्सच्या मनात काय आहे हे ठरतं. मी पहिल्यांदा खेळले तेव्हा यातलं काहीच ठाऊक नव्हतं, आणि जो शेवट आला तो पाहून मला कोणीतरी आपल्याला इतका वेळ बघत होतं असं वाटलं. यूट्यूबवर तुम्ही दुसऱ्या कोणाच्या तरी वागण्याचा शेवट बघता. हे वाचल्यावरही कृपया मोजूनमापून खेळू नका, जसं सुचेल तसं खेळा.

पण सगळ्याच गेम्सना हे लागू नाही. गोष्ट आणि खेळणं जिथे वेगवेगळ्या डब्यांत भरलेली असतात, म्हणजे वीस मिनिटं मारामारी, मग पाच मिनिटांचं चित्रपटासारखं दृश्य, पुन्हा मारामारी, तिथे बघून फारसं बिघडत नाही. 'अंटिल डॉन'सारखा गेम चार मित्रांनी मिळून एका पडद्यासमोर बसून, निर्णयावरून भांडत बघण्यात वेगळीच मजा आहे. एखाद्याला वेळच नाही, हाताला त्रास आहे, पहिल्या व्यक्तीच्या (पात्राच्या डोळ्यांतून दाखवणाऱ्या) कॅमेऱ्याने डोकं गरगरतं, तर बघणं हाच रास्त मार्ग आहे आणि त्यात कमीपणा काहीच नाही. तुमच्या बाबतीत मात्र तसं काही कारण दिसत नाही. तुम्हाला खेळायचंय, फक्त अडलंय.

म्हणून आता तिन्ही गेम एकेक करून घेते.

'एलियन: आयसोलेशन'. तुम्ही ज्या सान क्रिस्टोबाल हॉस्पिटलपाशी थांबलात तिथे फार लोक थांबतात. त्याआधी गेम हळूहळू चालत असतो आणि तिथे तो एलियनला प्रथमच मोकळं सोडतो. तुम्ही लिहिलंय की बहुतेक वेळ लॉकरमध्ये लपून काढला. इथेच गाडी अडली आहे. हा एलियन कसा चालतो ते समजून घ्या. त्याच्यामागे दोन थर आहेत. वरचा थर म्हणजे दिग्दर्शक. तुम्ही कुठे आहात हे त्याला कायम माहीत असतं, आणि तो एलियनला ढोबळमानाने 'त्या बाजूला जा' असं सुचवतो. खालचा थर म्हणजे प्रत्यक्ष एलियन. त्याला तुमचा ठावठिकाणा माहीत नसतो, त्याला डोळ्यांनी आणि कानांनीच शोधावं लागतं. शिवाय दिग्दर्शक तुमच्यावरचा ताणही मोजत असतो. एलियन बराच वेळ तुमच्या आसपास घुटमळला की तो त्याला छतातल्या झरोक्यात परत पाठवतो, म्हणजे तुम्हाला श्वास घ्यायला जागा मिळते. हा जो मोकळा वेळ मिळतो तो पुढे सरकण्यासाठी असतो. तुम्ही तो लॉकरमध्ये बसून घालवलात तर दिग्दर्शक त्याला पुन्हा तुमच्याच बाजूला धाडतो, आणि तुम्ही होता तिथेच असता. असं चार वेळा झालं की वाटतं, हा गेम अन्याय करतोय.

त्यामुळे तिथे करायचं ते असं. एलियन झरोक्यात गेल्याचा आवाज आला की लगेच निघा, वाकून किंवा साध्या चालीने. धावू नका, धावण्याचा आवाज लांबवर जातो. वर उघडा झरोका असेल तर त्यातून लाळ गळते का ते पाहा, गळत असेल तर त्याच्याखालून जाऊ नका. सेव्हच्या जागी कार्ड घातल्यावर दिवे एकेक करून लागेपर्यंत थांबावं लागतं आणि त्या काही क्षणांत तो येऊन तुम्हाला मारू शकतो, म्हणून जवळपास धोका आहे असं दाखवत असेल तर आधी परिसर शांत होऊ द्या. आणि डिफिकल्टी खाली आणा. त्यात नंतरच्या अपडेटने नॉव्हिस ही सगळ्यात सोपी पातळी आलेली आहे, बिनदिक्कत तीच घ्या.

इथे डिफिकल्टीबद्दल बोलायला हवं, कारण 'कमी केली तर मजा जाते का' हा तुमचा प्रश्न फार चांगला आहे आणि त्याचं उत्तर गेमवर अवलंबून आहे. हॉररमध्ये मरण हा भीतीचा शत्रू आहे. पहिल्यांदा मरता तेव्हा दचकता. त्याच जागी पाचव्यांदा मरता तेव्हा एलियन हा निव्वळ अडथळा झालेला असतो, त्याची चाल पाठ झालेली असते आणि मनात फक्त वैताग उरतो. ज्या गेममध्ये एका फटक्यात मरण येतं आणि मागच्या सेव्हपासून सगळं पुन्हा करावं लागतं, तिथे सोपी पातळी भीती टिकवून धरते. उलट ज्या गेममध्ये सगळी भीती टंचाईवर उभी आहे, म्हणजे गोळ्या मोजून, औषध मोजून, तिथे फार सोपी पातळी घेतली तर खिसे भरलेले राहतात आणि झोम्बी नुसते सोंग वाटायला लागतात. 'रेसिडेंट ईव्हिल 2' चा 2019 चा रिमेक मी कोणालाही आधी मधल्याच पातळीवर सुरू करायला सांगते. जमलंच नाही तर खाली यावं, पण सुरुवात तिथून करावी.

'रेसिडेंट ईव्हिल 7'. 2017 साली कॅपकॉमने ही मालिका पहिल्या व्यक्तीच्या नजरेत आणली, त्यामुळे कोपऱ्यापलीकडचं दिसणं गेलं. सुरुवातीला खिशात साधी सुरी, मग थोड्या गोळ्यांचं पिस्तूल, आणि मागे लागलेला त्या घराचा कुटुंबप्रमुख जॅक बेकर. तुम्ही सोडलात तो गेमचा सगळ्यात भयाण भाग आहे. त्यापुढे हत्यारं मिळत जातात, शॉटगन हाती येते आणि उत्तरार्धात तर गेम बराचसा ॲक्शनकडे झुकतो. माझ्या मते जरा जास्तच झुकतो, जहाजाचा भाग मला घराइतका भावत नाही. पण तुमच्यासाठी ही चांगली बातमी आहे, कारण तुम्ही सगळ्यात अवघड चढ बहुतेक चढून आला आहात.

दोन गोष्टी करून बघा. पहिली, हात आडवे धरून वार अडवण्याचं बटण. सुरुवातीला ते कोणी वापरतच नाही, सगळे मागे पळतात. पण अडवल्याने इजा बरीच कमी होते आणि अरुंद बोळात पळण्यापेक्षा अडवून मग मारणं कितीतरी सोपं जातं. दुसरी, घर पाठ करा. जॅक मागे नसेल तेव्हा नकाशा उघडून दारं कुठे, सेव्हची खोली कुठे, कुठून फिरून परत येता येतं ते बघा. जॅकला गोळ्या घालून कायमचं मारायचा प्रयत्न त्या टप्प्यावर करू नका, तो उठतोच. त्याला वळसा घालून जायचं असतं. घर पाठ झालं की तुम्ही त्याच्याभोवती फिरायला लागता आणि भीतीचा रंगच बदलतो. पहिल्या व्यक्तीच्या कॅमेऱ्याने मळमळ होत असेल तर तीही तपासा, कारण पोटातली अस्वस्थता आणि भीती यांची गल्लत फार सहज होते. मोशन ब्लर (हालचालीत चित्र धूसर करणारी सोय) बंद करा, दृष्टीचा कोन वाढवता येत असेल तर वाढवा, पडद्यापासून जरा मागे बसा. एवढ्यानेच काहींचा प्रश्न सुटलेला मी पाहिलाय.

आणि 'पार्ट 2'. इथे मी तुमच्याशी थोडा वाद घालणार आहे. 2020 साली हा आला तेव्हा त्याच जागी चिडलेले तुम्ही एकटे नव्हता. निम्मा गेम एलीच्या डोळ्यांनी सूड घेत फिरल्यावर गोष्ट नेमकी टोकाला आलेली असताना गेम तुम्हाला तीन दिवस मागे नेतो आणि जिचा तुम्ही जीव घ्यायला निघालात तिच्याच हातात कंट्रोलर देतो. हत्यारं वेगळी, सवयी वेगळ्या, मित्र वेगळे, जमवलेलं सगळं पुन्हा शून्यावर. इथे गेमने तुमची बाजू काढून घेतली आहे, आणि तुम्हाला राग यावा हाच त्यामागचा हेतू आहे. त्याआधीच्या तासांत काय काय पेरलं होतं ते आठवा. तुम्ही एखाद्याला मारता तेव्हा त्याचा साथीदार त्याच्या नावाने हाक मारतो. कुत्र्यांनाही नावं आहेत. खेळताना आपण ते ऐकतो आणि पुढे जातो. ॲबीच्या भागात त्यांपैकी काही नावांना चेहरे मिळतात. जी कुत्री तुम्ही एली म्हणून मारली, तिच्याशी इथे चेंडू खेळता. ते खेळताना मला कंट्रोलर खाली ठेवावासा वाटला होता, आणि माझ्या लेखी तो त्या गेमचा सगळ्यात मोठा विजय आहे.

तुम्हाला ते आवडेलच असं मी म्हणत नाही. कॅलिफोर्नियातला शेवटचा टप्पा मलाही ताणलेला वाटतो, तो निम्म्यात संपला असता तर घाव जास्त खोल गेला असता. पण ॲबीचा भाग न खेळता या गेमबद्दल मत बनवणं म्हणजे खटल्यात एकाच बाजूचा वकील ऐकून निकाल देण्यासारखं आहे. तुम्ही थोडा खंड पडू द्या, मग परत जा. जमवलेली ताकद गेल्याचा कंटाळा असेल तर त्या गेममध्ये डिफिकल्टी तुकड्यातुकड्याने बदलता येते: स्वतःची सहनशक्ती, शत्रूंची आक्रमकता, सोबत्यांची मदत, लपून जाण्याची सोय आणि सापडणारं सामान, प्रत्येकाची पातळी वेगळी. शत्रू तसेच ठेवून फक्त सामान वाढवा. लढाया पटापट उरकतील आणि गोष्ट चालू राहील.

आता नवे कुठले. तुमचा कल ॲक्शनकडे आहे आणि गोष्टही हवी, तर मधला पूल म्हणून 'रेसिडेंट ईव्हिल 4' घ्या. मूळ गेम 2005 चा, रिमेक 2023 चा. सुरुवातीच्याच खेड्यातली लढाई बघा. गावकरी चहूबाजूंनी येतात, गोळ्या संपत येतात, करवत घेतलेला एक माणूस येतो, छतावर चढावं तर शिड्या लावून मागे येतात. नवखा खेळाडू सगळ्यांना मारायच्या मागे लागतो आणि हरतो. खरं तर तिथे तग धरायचा असतो. ठरावीक वेळाने चर्चची घंटा वाजते आणि सगळे गावकरी हातातलं टाकून तिकडे चालू लागतात. सगळ्यांना मारणं हे आपलं काम नाही, टिकणं हे काम आहे, ही या प्रकाराची पहिली शिकवण तो गेम शब्दही न बोलता देतो. पाठीमागून खांद्यावरून बघणारा कॅमेरा त्याने रुळवला आणि पुढे कित्येक ॲक्शन गेम्सनी तो उचलला, 'लास्ट ऑफ अस'नेही.

त्यानंतर 'डेड स्पेस'. 2008 चा मूळ, 2023 चा रिमेक. तुम्ही सैनिक नसून अवकाशयानाचे इंजिनिअर आहात आणि हातातलं मुख्य हत्यार हे खाणकामाचं कापायचं यंत्र आहे. शत्रूच्या छातीत किंवा डोक्यात गोळ्या घालून फारसं होत नाही, हातपाय कापावे लागतात. म्हणजे घाबरलेल्या अवस्थेत नीट नेम धरायचा असतो. तुमची जीवनरेषा पडद्याच्या कोपऱ्यात नसून सूटच्या पाठीवर असते, आणि सामानाची यादी उघडली तरी वेळ थांबत नाही. इथे तुम्हाला ताकद भरपूर मिळते, फक्त उसंत काढून घेतलेली असते. ॲक्शन खेळणाऱ्याला हा सौदा पटतो.

नुसती गोष्टच हवी असेल, तर 'सोमा'. समुद्रतळाशी असलेलं संशोधन केंद्र आणि 'मी' म्हणजे नेमकं कोण हा प्रश्न. 2015 चा गेम, आणि 2017 साली त्यात सेफ मोड आला. त्यात राक्षस असतात, पण तुम्हाला मारत नाहीत. तो मोड घेऊन खेळलात तरी गोष्ट तितकीच झोप उडवते, कारण त्यातली खरी भीती राक्षसांत नाहीच. काही निर्णय तुमच्यावर सोडलेले आहेत आणि त्यांचं बक्षीस किंवा शिक्षा काहीही मिळत नाही. त्यांच्याविषयी मी आजही विचार करते. 'हेलब्लेड: सेनुआज सॅक्रिफाइस' मात्र हेडफोन लावूनच खेळा. सेनुआच्या डोक्यातले आवाज खरंच डाव्या-उजव्या कानामागून बोलल्यासारखे येतात, आणि मनोविकारतज्ज्ञ व स्वतः असे अनुभव घेतलेल्या लोकांशी बोलून ते घडवलेले आहेत. लढाईत पाठीमागचा शत्रू दिसत नसताना त्यांतलाच एखादा आवाज तुम्हाला सावध करतो. छळणारी गोष्टच मदत करते, हे फार विलक्षण आहे. मानसिक स्वास्थ्याचा त्रास सध्या चालू असेल तर तो पुढे ढकला.

खेळायच्या सवयीबद्दल एवढंच सांगते, की मेल्यावर बंद करू नका. आपण बहुतेक वेळा वैतागून, मरून, मग गेम बंद करतो, आणि दुसऱ्या दिवशी मनात तीच जागा असते, म्हणून परत लावायची इच्छा होत नाही. एखादा अवघड बोळ पार केला, सेव्हची खोली गाठली, तिथलं शांत संगीत लागलं, की तिथे थांबा. पुढच्या वेळी तुम्ही सुरक्षित जागेतून सुरुवात कराल. आवाज कमी करून खेळायचा सल्लाही लोक देतात. भीती कमी होते खरी, पण 'एलियन'सारख्या गेममध्ये कान हाच तुमचा मुख्य आधार असतो, आवाज घालवलात तर आंधळे व्हाल. त्यापेक्षा खोलीत उजेड ठेवा, दिवसा खेळा, कोणाला तरी शेजारी बसवा.

क्रमाचं म्हणाल तर मी असा लावेन: 'रेसिडेंट ईव्हिल 4' चा रिमेक, मग 'रेसिडेंट ईव्हिल 7' पुन्हा जिथे सोडला तिथून, मग 'डेड स्पेस', मग 'सायलेंट हिल 2'. 'एलियन' सगळ्यात शेवटी, कारण तो सगळ्यात जास्त काढून घेतो. 'पार्ट 2' आणि 'सोमा' या रांगेच्या बाहेर, मन तयार असेल तेव्हा.

राहिला रिमेकचा प्रश्न. पहिल्यांदा खेळणाऱ्याला मी वर सांगितलेल्यांपैकी ज्यांचे रिमेक आहेत त्यांचे रिमेकच सुचवते, हाताळणी सोपी असते आणि तुमचं लक्ष गोष्टीवर राहतं. पण नव्या रिमेकमध्ये एक गोष्ट बहुधा हरवते, ती म्हणजे जुना स्थिर कॅमेरा. 1996 च्या पहिल्या 'रेसिडेंट ईव्हिल'मध्ये कॅमेरा खोलीच्या कोपऱ्यात टांगल्यासारखा असायचा आणि तुमच्या पात्राला जे समोर दिसत असेल ते तुम्हाला दिसायचं नाही. पावलांचा आवाज यायचा आणि तुम्ही अंदाजाने पिस्तूल रोखून उभे राहायचात. ही भीती चाखायची असेल तर त्याच गेमचा 2002 साली झालेला रिमेक घ्या. त्याची एचडी आवृत्ती आजच्या मशीनवर चालते आणि कॅमेरा जुन्याच पद्धतीचा आहे. त्यात मारून टाकलेले झोम्बी जाळले नाहीत किंवा त्यांचं डोकं उडालं नाही, तर ते काही काळाने जास्त चपळ होऊन उठतात, आणि जाळायला रॉकेल मोजकंच मिळतं. त्यामुळे कुठल्या बोळातलं प्रेत जाळायचं आणि कुठल्या बोळात पुन्हा पाऊल टाकायचं नाही, हे तुम्हाला डोक्यात धरून ठेवावं लागतं. वरची रांग संपवलीत की हा सुरू करा आणि कुठल्या बोळात अडलात ते मला कळवा.